पोपटाचा उष्टा पेरू

काल सकाळी मी बादलीशी बोलताना सापडलो. "ही बघ बादली. निळी बादली. आता बादलीत पाणी," असं नळाखाली माझं आपलं चाललं होतं, आणि शेजारच्या खोलीत नव्याने राहायला आलेले ग्रामसेवक तोंडात ब्रश धरून माझ्याकडे बघत उभे होते. मी फोनवर बोलतोय असं समजून ते आधी ओळखीचं हसले. मग माझ्या हातात फोन नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते लगबगीने आत गेले. एकटा राहून राहून माणसाला वेड लागलंय, असं त्यांनी धरलं असणार. धरू देत. पण ते तसं नाही. मी एकटा नव्हतो तेव्हापासून बादलीशी बोलतोय.

दोष सगळा चिकूचा आहे. डहाणूहून बोर्डीला जाणाऱ्या रस्त्याला लागून काशीबेनची वाडी आहे आणि वाडीत विहिरीच्या अंगाला तीन खोल्या आहेत. त्यातल्या कडेच्या खोलीत मी राहतो. जानेवारी लागला की वाडीत तोडणी जोरात सुरू होते. टोकाला जाळी बांधलेले लांब बांबू घेऊन माणसं झाडांत शिरतात, खाली गोणपाटावर ढीग पडत जातात. कच्च्या चिकूचा चीक, ओली माती आणि कुठेतरी पिकून फुटलेलं एखादं फळ, असा सगळा मिळून एक वास दिवसभर खिडकीतून आत येत राहतो. आता २०१९ उजाडलं, पण तो वास आला की मी चार वर्षं मागे जातो. त्या थंडीत आमची सई बोलत नव्हती.

मी रेल्वेत पॉइंट्समन आहे. गाडी धडधडत जाते तेव्हा स्टेशनात हिरवा झेंडा धरून उभा असतो तो माणूस. पलीकडून गार्ड झेंडा दाखवतो, मी दाखवतो, झालं आमचं बोलणं. मला ते फार आवडतं. मी मुळातच कमी बोलणारा. लग्नाच्या बोलणीत मी एकदाच तोंड उघडलं होतं आणि तेही पाणी मागायला, असं माझी बायको वैशाली अजून चारचौघांत सांगते. ती त्या वेळी तलासरीच्या आत एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवायची. आम्ही दोघं साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. नोकरीने उचलून इथे आणून ठेवलेले. ती सकाळी डहाणूहून एसटी धरायची, तलासरीला उतरून जीप, आणि संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचा घसा बसलेला असायचा. पहिलीच्या पोरांना दिवसभर बोलतं करून आलेली बाई घरी काय बोलणार? ती चपला काढून उंबऱ्यावर बसायची आणि सईला मांडीत घेऊन गप्प राहायची. मी तर गप्पच. त्यामुळे आमचं घर शांत होतं आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सईकडे सगळं होतं, फक्त शब्द नव्हते. पाणी हवं असलं की ती माझं बोट धरून माठापर्यंत ओढत न्यायची. नको असलं की ओठ असे घट्ट मिटायची की चमचा काय, सुईसुद्धा आत जाऊ नये. आणि 'हो' म्हणजे मान एकदाच, जोरात, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. तिचं ते 'हो' मला इतकं आवडायचं की मी उगाच विचारत बसायचो. भूक लागली? मान. बाहेर जायचं? मान. बाबा शहाणा आहे? मान. वाडीच्या मागून रूळ जातात. गाडीचा आवाज आला की सई असेल तिथे उभी राहायची आणि गाडी जाईपर्यंत उजवा हात आडवा धरायची. झेंडा नव्हता हातात, पण धरायची अगदी माझ्यासारखा. मला वाटायचं, पोरगी माझ्यावर गेली आहे. अभिमान वाटायचा मला!

मग दीड वर्ष उलटलं आणि लोकांनी मोजायला सुरुवात केली. लस टोचायला गेलो तर दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता होता: बाळ कधी हुंकार देतं, कधी आई-बाबा म्हणतं, कधी दोन शब्द जोडतं. आमची सई त्या तक्त्यात पहिल्या ओळीच्या पुढे सरकली नव्हती. नर्सबाईंनी विचारलं, किती शब्द बोलते? वैशाली म्हणाली, समजतं तिला सगळं. नर्सबाई पुन्हा म्हणाल्या, तसं नाही, बोलते किती? वैशालीने सईचं झबलं सारखं केलं. त्या दिवसापासून तो तक्ता आमच्याबरोबर घरी राहायला आला. माझ्या भावाचा मुलगा सईपेक्षा दोन महिन्यांनी लहान, आणि तो भिंतीवरच्या पालीपासून आकाशातल्या विमानापर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारायचा. भाऊ कौतुकाने त्याचे व्हिडिओ पाठवायचा. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण ते व्हिडिओ आले की वैशाली फोन पालथा घालून भांडी घासायला बसायची, घासलेली असली तरी.

माझी आई गावाहून रोज फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बोलली का रं पोर?" मी म्हणायचो, बोलंल. मग ती वेखंड उगाळून चाटवायला सांगायची. कुणी म्हणायचं, घरात साताऱ्याची मराठी, काशीबेनच्या ओट्यावर गुजराती, वाडीत काम करणाऱ्या गंजाडच्या बायांची वारली, वर टीव्हीची हिंदी, त्या लेकराने बोलावं तरी कुठलं? गोंधळून गप्प बसलंय ते. मला ते पटायचं, कारण पटण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वैशाली मात्र चिडायची. तिच्या वर्गातली पोरं घरी वारली बोलून येतात, दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत आणि दिवाळीनंतर त्यांना गप्प करता करता पुरेवाट होते, हे ती रोज बघत होती. दुसऱ्यांच्या पोरांबद्दल तिला एवढी खात्री होती. स्वतःच्या पोरीवर वेळ आली तेव्हा त्यातली एकही खात्री तिच्या कामाला आली नाही. ती सईला समोर बसवायची, दोन्ही खांदे धरायची आणि म्हणायची, बोल, बोल बाळा. आई म्हण. मीही म्हणायचो, बोल. काशीबेन म्हणायची, बोल डिकरी. चिकू निवडायला बसलेल्या बायाही येता-जाता गालाला हात लावून म्हणायच्या, बोल गं. सगळी वाडी तिला बोल म्हणत होती आणि ती सगळ्यांकडे शांतपणे बघत होती.

मला भीती कसली होती ते सांगतो. ती मला कधी बाबा म्हणणार नाही, याची भीती होती. ऐकायला स्वार्थी वाटेल, पण पोर आजारी असलं की आईबाप जे घाबरतात त्याहून ही भीती वेगळी होती. पोर धडधाकट समोर खेळतंय, हसतंय, आणि आपल्याला आत जाता येत नाही. ड्युटीवरून येताना फाटक उघडलं की ती धावत यायची. धावताना तोंड उघडं असायचं. त्या उघड्या तोंडातून आता शब्द येईल, आता येईल, असं मी प्रत्येक वेळी फाटकाच्या कडीला हात लावून थांबायचो.

काशीबेनचं वय तेव्हा साठीच्या पुढे. मुलं सुरतेला, वाडी ती एकटीच सांभाळायची, आणि आम्ही दोघं कामावर असलो की सईही तिच्याच ओट्यावर असायची. तिला आमची काळजी मुळीच पटायची नाही. थंडीत ती अंगणात मातीच्या मडक्यात कंद, वालपापडी घालून उकडहंडी लावायची आणि धुरात डोळे चोळत मला ऐकवायची, "बोलशे भाई, बोलशे. एवढा उतावळा कशाला होतो?" एकदा म्हणाली, ह्यावर उपाय आहे. पोपटाने चोच मारलेला पेरू खायला घाल. पोपट बोलतो, त्याचं उष्टं खाल्लं की पोर बोलतं. आमच्याकडे सगळ्यांना हेच दिलं. मी म्हणालो, काशीबेन, वाडीतले पोपट तर नुसते किंचाळतात, मग पोरगी किंचाळली तर काय करू? ती माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघून आत गेली.

जानेवारीत आम्ही सईला वापीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला औषध देऊन झोपवलं आणि कानांना तारा लावल्या. वैशाली तिच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. तपासणी झाली. कान उत्तम होते. मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरांना हात जोडले, आणि ते सोडायच्या आतच मनात आलं: कान उत्तम, तर मग काय? डॉक्टर म्हाताऱ्या बाई होत्या, हिंदीत बोलत होत्या. चार भाषांनी काही बिघडत नाही म्हणाल्या. तीन महिन्यांनी परत आणा, मग बघू पुढे काय करायचं. तोवर दोन गोष्टी करा. तिच्याशी बोला, जे करताय ते सांगत सांगत करा. आणि तिने काही मागितलं की लगेच हातात देऊ नका, थांबा, तिला तोंड उघडायची संधी द्या. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, घरात बोलतं कोण? मी वैशालीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गुंगीतून जागी झालेल्या सईने आम्हा दोघांकडे पाहिलं. तिघंही गप्प. डॉक्टरीणबाई हसल्या.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीजवळच्या पेरूखाली टॉर्च घेऊन वाकून फिरत होतो. वापीच्या डॉक्टरीणबाई वापीच्या जागी, पण उपाय कशाला सोडायचा? वटवाघळांचं उष्टं कुठलं आणि पोपटाचं कुठलं हे काही मला कळेना. शेवटी उजाडल्यावर झाडावर खराच पोपट बसला, त्याने माझ्यादेखत एका पेरूला चोच मारली, आणि मी बांबूने तो पेरू अलगद पाडून लुंगीच्या ओच्यात घालून घरी आणला. वैशाली निघायच्या गडबडीत होती. तिने पेरू पाहिला, माझ्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं. नाही म्हणाली नाही. पण शेवटी मास्तरीण ती. तिने पेरू गरम पाण्याने धुतला, चोच मारलेला भाग सुरीने कापून ताटलीच्या कडेला ठेवला आणि उरलेल्या स्वच्छ फोडी सईला दिल्या. सईने चवीने खाल्ल्या. काशीबेन ओट्यावरून बघत होती. उष्टंच कापलं तर मग पोरीने खाल्लं काय, नुसता पेरू? असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. ताटलीत तो तुकडा तसाच पडला होता. टाकवेना. मी उचलला आणि तोंडात घातला.

त्यानंतर मी बोलायला लागलो.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लागलो, पण काशीबेनने ते कधीच मान्य केलं नाही. पहिले काही दिवस मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बघ बादली. हा साबण. बाबा आता शर्ट घालतोय, हे बटण, हे दुसरं बटण. लग्नात पाणी मागण्यापुरता बोललेला माणूस मी, आणि आता ड्युटीवरून आलो की सईला कडेवर घेऊन वाडीभर बोलत फिरत होतो. हा चिकू कच्चा, हा पिकलेला, हा बघ मुंगळ्यांनी खाल्लेला. ही गाडी सुरतेला चालली, हिच्यात काशीबेनचा मुलगा बसतो. तोडणीवाले बांबू थांबवून माझ्याकडे बघायचे. निवडणाऱ्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. आणि थांबणं तर बोलण्याहून अवघड. सई बिस्किटाच्या डब्याकडे बोट करायची, मी डबा हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती माझ्या डोळ्यांत बघायची, मी तिच्या. तिचा खालचा ओठ हलायला लागायचा. मला वाटायचं आला शब्द, आणि तिथून रडू यायचं. मी डबाच्या डबा तिच्या मांडीत ओतायचो. वैशालीही बसल्या घशाने जमेल तेवढं बोलायची. जीपमध्ये कोण भेटलं, वर्गात कोण कोणाला चावलं. आमच्या घरात इतकं बोलणं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांबद्दल कितीतरी गोष्टी त्या थंडीत पहिल्यांदा ऐकल्या. मला तिच्या शाळेतल्या पोरांची नावं पाठ झाली, आणि तिला कळलं की गाडी जाताना मला दर वेळी थोडी भीती वाटते.

फेब्रुवारी आला, तोडणी ओसरत आली, सई गप्पच. एका दुपारी मी तिला घेऊन झाडाखाली गोणपाटावर बसलो होतो. सकाळी भावाचा मुलगा फोनवर मला काका म्हणाला होता. स्वच्छ, दोन्ही अक्षरं वेगळी. मी त्याला शाबास म्हणालो, फोन ठेवला, आणि दिवसभर काही सुचेना. तरी सवयीने चालू होतं. हा चिकू. हा अजून एक चिकू. ही मुंगी. आणि मग मधेच माझ्यातलं बोलणं संपलं. मला वाटलं, कशाला? कोणासाठी? मी चिकूच्या ढिगाकडे बघत गप्प बसलो. वाऱ्याने पानं हलत होती. मागून एक मालगाडी गेली, आणि सईने हात आडवा धरला की नाही तेही मी पाहिलं नाही.

तिचे हात चिकट होते, चिकाने. तिने ते दोन्ही हात माझ्या हनुवटीला लावले आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं. अगदी जवळून पाहिलं.

"बोल," ती म्हणाली.

ल जरासा जिभेवरच राहिला, पण शब्द पुरा होता. सगळ्या वाडीने वर्षभर तिला दिलेला शब्द तिने मला परत दिला. मी आ करून बघत राहिलो, तर तिने हनुवटी हलवली आणि पुन्हा म्हणाली, बोल. मग मी रडत रडत सांगायला लागलो, हा चिकू, हा चिकू, ही मुंगी, हा बाबा. ती समाधानाने मांडीत बसली.

संध्याकाळी वैशाली शाळेतून आली तेव्हा मी फाटकात उभा. सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. काशीबेनने शपथ घेतली तरी ठेवला नाही, कारण काशीबेन विहिरीपलीकडे होती आणि ती माझ्या सांगण्यावरून शपथ घेत होती. सईला सतरा वेळा विचारलं. तिने ओठ मिटून घेतले. वैशाली म्हणाली, अहो, वाटलं असेल तुम्हाला. रागावून नाही म्हणाली, दमून म्हणाली. मग चपला काढून उंबऱ्यावर बसली. डोळे मिटले. बराच वेळ ती काही बोलली नाही, घसाच उरला नव्हता. सईची चालताना डुलायची लकब होती, तशी ती डुलत गेली, आईची हनुवटी धरली आणि म्हणाली, "बोल." वैशालीने तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी गुदमरून ओरडली. काशीबेनने तिथल्या तिथे निकाल दिला, पेरू बापाने खाल्ला आणि गुण पोरीला आला.

त्यानंतर काय, धरण फुटलं म्हणतात तसं. उन्हाळ्यापर्यंत बाबा आलं, आई आलं, गाडीची 'गाली' आली, काशीबेनची गुजराती आली, बायांकडून वारलीतले चार-दोन शब्द आले, आणि वापीला आम्ही परत गेलो ते पेढे घेऊन. पुढे तर इतकी बोलायला लागली की मी लाल झेंडा दाखवून थांबवायचो. आणि मी, खरं सांगतो, तिच्या बोलण्याच्या त्या गलक्यात कधीकधी ती मान शोधायचो. हनुवटी छातीला टेकवणारी. शब्द आल्यावर ती हळूहळू कमी झाली. हो म्हणता येतं म्हटल्यावर मान कोण हलवणार?

गेल्या उन्हाळ्यात वैशालीची बदली झाली, आपल्या जिल्ह्यात. इथे आलेला प्रत्येक मास्तर ज्या दिवसाची वाट बघतो तो दिवस. आम्ही आनंदच केला. सई आजीजवळ राहील, शाळा जवळ, वैशालीचा प्रवास वाचेल. माझी बदली व्हायची आहे. इकडची रेल्वे वेगळी, गावाकडची वेगळी; एकीतून दुसरीत जायचं म्हणजे माझ्या जागी यायला कोणीतरी हवा, तो मिळेपर्यंत मी इथेच. काशीबेन अजून आहे, गुडघे गेलेत, ओट्यावरून हलत नाही. रोज विचारते, पोरी काय म्हणे? मी सांगतो. सांगायला नसलं तर रचून सांगतो.

कारण फोनवर सई बोलत नाही. एवढी बडबडी पोरगी, फोन कानाला लावला की गप्प. व्हिडिओ लावला तर स्वतःचाच चेहरा बघून वेडावत बसते, आणि गावात तेवढं नेटवर्कही नसतं. मग साधाच फोन. मी विचारतो, जेवलीस? पलीकडे काही नाही. शाळेत गेली होतीस? काही नाही. वैशाली मागून ओरडते, अगं तोंडाने सांग, बाबांना दिसत नाही! तिला वाटतं, मला कळत नसेल. मला सगळं कळतं. फ्रॉकच्या गळ्याला हनुवटी घासल्याचा बारीकसा आवाज येतो आणि मी इथे, वाडीत, फोन कानाला दाबून उभा असतो. त्या क्षणी मला ती इतकी हवी असते की हात कुठे ठेवावे ते कळत नाही.

काल संध्याकाळी तोडणीवाले गेल्यावर मी गोणपाटावर बसून फोन लावला. सईने उचलला आणि नेहमीप्रमाणे गप्प. मी आपलं सुरू केलं. चिकूची तोडणी चालू आहे. विहिरीवरच्या पेरूला पोपट येतात. काशीबेनने ओट्यावर बसूनच उकडहंडी लावून घेतली होती, तुझ्या वाटणीची मी खाल्ली. तुझी निळी बादली आहे अजून, कान तुटलाय एक. सकाळी त्या बादलीपायी माझी फजिती झाली, तेही सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता, तोंडाजवळ धरलेल्या फोनमधून येतो तसा. मग बादलीनंतर मला पुढे काही सुचेना. मी गप्प बसलो, तीही गप्प. मागून एक गाडी आली, तिचा आवाज सईपर्यंत गेला असणार, कारण तेवढा वेळ सईचा श्वासही थांबल्यासारखा वाटला. गाडी गेली. मी तरीही गप्प.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बोल."

मी डोळे पुसले आणि समोरच्या ढिगाकडे बघून म्हणालो, हा बघ चिकू.